दोन खुंट्यांचा प्लग

जव्हारच्या एसटी डेपोसमोरच्या बोळात सादिकभाईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार चारच्या सुमारास तिथे कुणी पेन ड्राइव्ह घेऊन आलं, की सादिकभाई आधी त्याची परीक्षा घेत. दुकानातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणत, लाव. गिऱ्हाईक लावायला जाई. जात नसे. उलटा करून लावी, तरी जात नसे. पुन्हा सुलटा केला की जाई. सादिकभाई चष्म्यावरून हे सगळं बघत आणि समाधानाने मान हलवत. एवढ्या शहाण्या लोकांनी बसून हा प्लग ठरवला, पण त्यांतल्या एकानेही टेबलामागे हात घालून तो लावून बघितला नसावा, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि याच्यापेक्षा बरा प्लग दोन वर्षांपूर्वी इथे, सागाच्या फळीवर तयार झाला होता, हेही ते सांगायला विसरत नसत. ऐकणाऱ्याला ती फुशारकी वाटे. फुशारकी होतीच, पण खोटी नव्हती.

सादिकभाईंचे वडील वासिफमियाँ गॅसबत्त्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. खेड्यापाड्यांतून आलेली वस्तू आधी रॉकेलात बुचकळायची, काजळी उतरवायची आणि मगच तिच्याकडे बघायचं, ही त्यांची शिस्त. मुलाने ती तशीच उचलली. बत्त्या जाऊन रेडिओ आले, रेडिओ जाऊन टेपरेकॉर्डर आले, रॉकेलाच्या जागी पेट्रोलची वाटी आली. पण आधी बुचकळायचं आणि मग बघायचं, हे काही बदललं नाही. सत्त्याण्णव साली गावातल्या टायपिंगच्या क्लासने एक कॉम्प्युटर आणला आणि महिन्याभरात तो बंद पडला, तेव्हा क्लासवाल्याने घाबरत घाबरत तो सादिकभाईंकडे आणला. सादिकभाईंनी याआधी कॉम्प्युटर उघडून पाहिलेला नव्हता. हे त्यांनी त्याला सांगितलं नाही. तीन दिवसांनी तो चालू करून दिला, आणि त्या दिवसापासून जव्हार आणि मोखाडा तालुक्यात कॉम्प्युटर म्हटलं की सादिकभाई, असं ठरून गेलं.

त्यांची स्वतःची म्हणून एक पद्धत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर ते एक चिठ्ठी देत. चिठ्ठीवर चार ओळी असत: वस्तू, दोष, कारण आणि शेवटी 'दुरुस्त' हा शब्द. कार्बन लावून लिहिलेली एक प्रत त्यांच्या पुस्तकात राहायची. शेवटच्या शब्दाची जागा ते आधी कोरी ठेवत. गिऱ्हाइकाने वस्तू घरी नेऊन चालवली, चालली असा निरोप आला, की मग पुस्तकातल्या प्रतीवर लिहायचे. पण त्यांचा खरा जीव होता तिसऱ्या ओळीवर. 'कारण: आत झुरळांचा संसार.' 'कारण: मेहुण्याने उघडून पाहिला.' या ओळींवरून दोनेक घरांत भांडणं पेटली होती आणि चारेक मिटली होती. सादिकभाईंनी लिहिलेलं कारण कधी चुकत नाही, असं लोक म्हणायचे, आणि सादिकभाई ते अजिबात नाकारत नसत.

दोन हजार एक साली सूर्यमाळच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या निवासी शाळेत तीन कॉम्प्युटर आले. वर्ग पत्र्याचा, आणि पावसाळ्यात तो दहा ठिकाणी गळायचा. सगळ्या शाळेत कोरडी राहणारी खोली एकच, ती म्हणजे धान्याची कोठी. तेव्हा हेडमास्तरांनी नियम केला, की पावसाचे चार महिने शाळा सुटली की पडदे, की-बोर्ड टेबलावरच मेणकापडाने झाकायचे, कॉम्प्युटरचे तिन्ही डबे सोडवून कोठीत न्यायचे आणि सकाळी परत आणून जोडायचे. हे काम आलं तानीकडे. तानी ही शाळेतली कामाठी. म्हणजे झाडण्यापासून पाणी भरण्यापर्यंत पडेल ते काम करणारी. ती डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर डबा घ्यायची आणि पाण्याने भरलेला हंडा न्यावा तशी चिखलातून, एक थेंब न सांडल्यागत, पलीकडे न्यायची. एकही डबा कधी तिच्या हातून पडला नाही.

पण प्लग खराब व्हायला लागले. की-बोर्ड आणि माऊस लावायचे ते गोल, करंगळीएवढ्या जाडीचे प्लग. त्यांच्यातल्या केसासारख्या पिना वाकायच्या, मोडायच्या. दोन हजार दोनच्या जुलैत हेडमास्तरांनी तिन्ही की-बोर्ड आणि तिन्ही माऊस केबलींसकट एका पोत्यात घालून जीपवाल्या आदिलबरोबर जव्हारला पाठवले. सादिकभाईंनी सहाही केबलींची टोकं सवयीप्रमाणे पेट्रोलात बुचकळली, पुसली आणि मग भिंग लावून बघितलं. दुकानात गर्दी होती. मोडलेल्या पिना दिसल्या. त्यांनी नवे प्लग जोडले आणि चिठ्ठी लिहिली. 'दोष: पिना मोडल्या. कारण: जोर लावला.'

दोनच शब्द. त्या दोन शब्दांवर तानीला नोटीस निघाली, की सरकारी वस्तूची नासधूस केल्याबद्दल आपणास कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा करावा. सोबत पुरावा म्हणून सादिकभाईंची चिठ्ठी जोडलेली. चौकशीची तारीख सप्टेंबरातली.

तानीला वाचता येत नव्हतं. एका मास्तरांनी तिला नोटीस वाचून दाखवली आणि चिठ्ठीवर कुणाची सही आहे तेही सांगितलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती आदिलच्या जीपने जव्हारला उतरली आणि सरळ दुकानात येऊन उभी राहिली. रडली नाही, हात जोडले नाहीत. ओच्यातून एक माऊस काढून तिने त्याची केबल टेबलावर पसरली.

"सादिकभाय, मी जोर नाय लावला," ती म्हणाली. "मी तेल लावला."

सादिकभाईंना आधी काही कळलंच नाही. मग त्यांनी केबल उचलली आणि हात नेहमीप्रमाणे पेट्रोलच्या वाटीकडे गेला. नशिबाने त्याच वेळी त्यांची बायको नूरबी चहा घेऊन आली होती. नूरबी बांगड्यांचं दुकान चालवायची, शेजारच्याच गाळ्यात. आणि नवऱ्याच्या हातावर चापट मारायला ती गिऱ्हाइकांसमोरही लाजत नसे. ती म्हणाली, ती बाई सांगते आहे त्यात तेल आहे, आणि तुम्ही तेच धुऊन टाकायला निघालात.

सादिकभाईंनी प्लग तसाच भिंगाखाली धरला. पिनांच्या मुळाशी तेलाचा चिकटा होता, त्यात चुलीची राख आणि धूळ बसलेली. वास घेतला. खुरासणीचं तेल. मग तानीने सांगितलं ते असं, की नूरबीभाबी बांगडी भरताना आधी हाताला तेल चोळते, म्हणून हाड दाबलं जात नाही आणि बांगडीही फुटत नाही. हा प्लगही बांगडीसारखाच गोल, आणि अडायचाही बांगडीसारखाच. म्हणून तिने तेल लावलं आणि हलक्या हाताने फिरवत फिरवत आत सरकवला. जोर लावला तर फुटतं, हे तिला काय कुणी शिकवायला हवं होतं का.

सादिकभाईंनी प्लग पुन्हा भिंगाखाली धरला. भिंगाखाली पिना स्पष्ट दिसत होत्या. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, वाऱ्याने एकीकडे झोपलेल्या भातासारख्या. दाबल्या असत्या तर चेपून मोडल्या असत्या, वेड्यावाकड्या. या गोल फिरवल्याने कलल्या होत्या, आणि रोज थोड्या थोड्या कलून शेवटी तुटल्या होत्या. जुलैतल्या त्या सहा केबलींतही असंच असणार. तेल त्यांनी स्वतःच्या हाताने धुऊन टाकलं होतं, आणि कललेल्या पिनांकडे गर्दीच्या नादात नीट बघितलंच नव्हतं. त्यांना फार लाज वाटली. पण बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे लाज वाटल्यावर माणसाने काय बोलायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते एवढंच म्हणाले, की तेल लावायचं नसतं, त्याने धूळ धरते.

"मंग काय लावायचा?" तानीने विचारलं.

ती केबल ठेवून घेत सादिकभाई म्हणाले, बघतो. तानी चहा पिऊन गेली. मग नूरबीने दुकानातला कॉम्प्युटर भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, आता न बघता लावून दाखवा. सादिकभाई हसले. हात मागे घालून त्यांनी प्लग लावला. पहिल्यांदा गेला. दुसऱ्यांदा फिरवावा लागला. चौथ्यांदा काढून बघितला तर एक पीन वाकलेली. नूरबीने ती वाकलेली पीन बोटाने दाखवली, आणि ते सादिकभाईंना चांगलंच लागलं.

त्यानंतर ते कामाला लागले, आणि एकदा कामाला लागले की सादिकभाईंना कशाचीही भीती वाटत नसे. चौकशीला तीन आठवडे होते. त्यांनी विचार मांडला तो असा. हा प्लग ज्याने बनवला, त्याच्या मनात तो एकदा लावायचा आणि वर्षभर विसरायचा. सूर्यमाळला तो दिवसातून एकदा निघतो, एकदा लागतो, पावसाळाभर चाललंय. शिवाय गोल वस्तू हाताला काहीच सांगत नाही, वर कुठलं, खाली कुठलं. तेव्हा डब्याचे मूळचे प्लग एकदा लावून स्क्रू मारून कायमचे बंद करायचे. त्यांना हातच लावायचा नाही. त्यांच्या तारा डब्याच्या बाजूला बसवलेल्या एका सागाच्या फळीवर आणायच्या, आणि रोजचा लावायचा-काढायचा प्लग तिथे ठेवायचा, मोठा, हाताला कळेलसा. टायपिंग क्लासच्या अडगळीत जुन्या प्रिंटरचे पंचवीस पिनांचे रुंद प्लग पडलेले होते. पडदा, की-बोर्ड आणि माऊस मिळून तारा लागत होत्या सतरा. जागा उरत होती. विजेची वायर मात्र त्यांनी या भानगडीत आणली नाही; ती वेगळीच राहील, असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं.

तरी पंचवीस पिना म्हणजे पंचवीस वाकायच्या गोष्टी. म्हणून फळीवर दोन पितळी खुंट्या आल्या, एक जाड, एक बारीक, आणि पिनांपेक्षा बोटभर लांब. समोरच्या फळीला तशीच दोन भोकं, तोंडाशी नरसाळ्यासारखी पसरट. खुंट्या आधी भोकात शिरणार, फळी सरळ करणार, आणि मग पिना आपोआप समोरासमोर येणार. उलटी लावायला गेलं तर जाड खुंटी बारीक भोकात जाणारच नाही, आणि पिना एकमेकींना शिवणारही नाहीत. समोरची फळी टेबलाला ठोकलेली; डबा टेबलावरच्या लाकडी पट्ट्यांमधून नुसता पुढे सरकवायचा. हाताने काही जुळवायचंच नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर जोडून बघितलं, तर पहिल्या दिवशी पडद्यावर प्रत्येक अक्षराला सावली पडली. सादिकभाईंनी तीन रंगांच्या तीन तारा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी टीव्हीच्या केबलीची जाळीदार वायर घातली. सावली गेली. याबद्दल ते स्वतःवर इतके खूश झाले, की शेजारच्या शिंप्याला बोलावून त्यांनी सावली नसलेला पडदा दाखवला. शिंप्याने आधीची सावली पाहिलेली नव्हती, त्यामुळे तो नेमकं काय बघतोय ते त्याला कळलं नाही.

फळ्या केल्या मंगळू सुताराने. मंगळूचा हात बारीक कामाचा, पण त्याची रीत दारं-खिडक्यांची: चौकटीला झडप घासून घासून बसवायची, त्या चौकटीला ती झडप. तीन डबे, तीन टेबलं. प्रत्येक जोडी लोण्यासारखी बसली. आदिलच्या जीपने सगळं सूर्यमाळला गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी तानीचा निरोप आला, की दोन नंबरचा डबा तीन नंबरच्या टेबलावर जात नाही. कोठीतून आणताना कोण नंबर बघतो.

सादिकभाई चिडले. त्यांनी ठरवलं, की डब्यांवर आणि टेबलांवर आकडे रंगवायचे आणि तानीला आकडे शिकवायचे. जेवताना त्यांनी हे नूरबीला सांगितलं. नूरबीने भाकरी ताटात ठेवली.

"मी बाईला असं सांगते का, की ही बांगडी फक्त याच हाताला?" ती म्हणाली. "फिरोजाबादच्या बांगडीवाल्याने तानीचा हात बघितलाय कधी? तरी त्याची सव्वादोनची बांगडी तिच्या हातात जाते. कारण सव्वादोन म्हणजे सगळीकडे सव्वादोन. तुम्ही तर जोड्या लावत बसलात."

सादिकभाईंचा घास हातातच राहिला. रागही आला, कारण ही गोष्ट शेजारच्या गाळ्यात बावीस वर्षं टांगलेली होती आणि त्यांनी ती कधी बघितली नव्हती. सकाळी उठून ते तांबट आळीत गेले आणि पितळेच्या जाड पत्र्याचा एक फर्मा करून आणला. त्यात दोन भोकं आणि मध्ये प्लगची खाच, सगळं कानसून कानसून केसाइतकं नेमकं. मग मंगळूला सांगितलं, की फळीला फळी लावून बघायची नाही. प्रत्येक फळी फक्त या फर्म्याला लावून बघायची. फर्म्याला बसली की जगातल्या कुठल्याही फळीला बसली. मंगळूला हे पटलं नाही. दोन फळ्या एकमेकींना न दाखवता एकमेकींना कशा बसतील, असं तो म्हणत राहिला आणि करत राहिला. सहा फळ्या झाल्यावर सादिकभाईंनी डोळे मिटून खुंट्यांची एक आणि भोकांची एक अशा दोन उचलल्या आणि एकमेकींवर टेकवल्या. खट् असा आवाज झाला. मंगळूने त्या काढून पुन्हा लावल्या, मग दुसऱ्या दोन लावल्या, मग विडी पेटवली.

चौकशीच्या दिवशी सादिकभाई स्वतः गेले. नवा पायजमा, इस्त्रीचा सदरा, काखेत चिठ्ठ्यांचं पुस्तक. वर्गात हेडमास्तर होते, चौकशीला आलेले साहेब होते, आणि दाराशी तानी उभी होती, हातात रिकामी चुंबळ घेऊन. सादिकभाईंनी प्लगची सगळी हकीकत सांगितली. साहेब भले गृहस्थ होते, त्यांनी ऐकून घेतली. मग तानीने कोठीतून एक डबा आणला, कुठलाही, आणि कुठल्याही टेबलावर ठेवून पुढे सरकवला. खट्. दुसरा आणला, खट्. तिसरा. तिन्ही पडदे उजळले. साहेबांनी एक डबा स्वतः काढून लावला आणि त्यांना इतकी गंमत वाटली, की त्यांनी तो परत काढून लावला. सादिकभाईंना वाटलं, झालं काम.

पण साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी फाइल उघडली. प्लग उत्तम आहे, ते म्हणाले, पण चौकशी प्लगची नाही. कागदावर तुमचीच चिठ्ठी आहे. 'जोर लावला.' खाली सही. आता तुम्ही तोंडी वेगळं सांगता. तोंडी बोलण्यावरून मी कागद खोडू शकत नाही. तुमच्या चिठ्ठीचा दोन तालुक्यांत केवढा मान आहे, ते हेडमास्तरांनी मला सांगितलंय.

सादिकभाईंनी तानीकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, बाजाराच्या दिवशी बघितलं होतं तशीच, सरळ. सादिकभाईंना एकदम कळलं, की तीन आठवडे आपण प्लग करत होतो ते यासाठी, की हे करावं लागू नये. एवढा चांगला प्लग केला की चिठ्ठीची गोष्ट आपोआप मिटेल, असं त्यांना वाटलं होतं. ती मिटली नव्हती.

त्यांनी पुस्तक उघडलं, कार्बन नीट बसवला आणि लिहायला घेतलं. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत. पान फाडून साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तानीने विचारलं, काय लिवलाय. साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

"वस्तू: माझी जुलै महिन्याची चिठ्ठी. दोष: चुकीची आहे. कारण: आधी धुतलं, मग बघितलं. तानीबाईंच्या हातात दोष नाही. सही, सादिक वासिफ."

साहेबांनी तो कागद फाइलीत लावला आणि वर काहीतरी लिहिलं. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते. तानी पुढे आली, आणि तिने सादिकभाईंना विचारलं, की शेवटचा शब्द का नाही लिहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण सादिकभाईंची चिठ्ठी 'दुरुस्त' या शब्दाने पुरी होते हे दोन्ही तालुक्यांत कुणाला माहीत नव्हतं? सादिकभाई म्हणाले, तो निरोप आल्यावर लिहायचा असतो.

जव्हारला परत आल्यावर त्यांनी नूरबीला सगळं सांगितलं. बाकी गावाला आपल्यामागून कळेलच, हेही त्यांना माहीत होतं. कळलंच. चार दिवस लोक चहाच्या टपरीवर 'आधी धुतलं, मग बघितलं' म्हणून हसत होते. सादिकभाईंनी हसू दिलं. पेट्रोलची वाटी त्यांनी टेबलावरून उचलली आणि मागच्या फडताळात ठेवली, मुद्दाम उठून घ्यावी लागेल अशी. त्या हिवाळ्यात आणखी दोन शाळांनी फळ्या मागवल्या, त्याच फर्म्याच्या.

चौकशीनंतर पंधराव्या दिवशी आदिलची जीप दुकानासमोर थांबली. तो उतरलाही नाही. खिडकीतूनच ओरडून म्हणाला, तानीने सांगितलंय, डबे रोज लागतात, आणि तिची नोकरी कायम आहे, नोटीस मागे घेतल्याचा कागद आला. सादिकभाईंनी हात हलवला. मग पुस्तक काढून ती प्रत शोधली आणि खाली लिहिलं, दुरुस्त.